२३ वर्षांनी पहिल्या फेरीत रिसीव्हर: गोल्डन चालणार की नाही, हे कशावरून ओळखायचं?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. (हे उत्तर २०२५ चा सीझन सुरू व्हायच्या आधीचं आहे.) तुम्ही मूळचे कोल्हापूरचे, नोकरीसाठी ग्रीन बेला येऊन अजून वर्षही झालेलं नाही. ऑफिसात पॅकर्सवरून, म्हणजे गावच्या अमेरिकन फुटबॉल टीमवरून, दोन तट पडलेत. एक म्हणतो, ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीम पाळीपाळीने कॉलेजचे खेळाडू निवडतात त्यात, घेतलेला रिसीव्हर (टाकलेला चेंडू पळत जाऊन पकडणारा) मॅथ्यू गोल्डन म्हणजे पॅकर्सच्या जुन्या गाजलेल्या रिसीव्हरसारखा, पुढचा दावान्टे अ‍ॅडम्स. दुसरा म्हणतो, पहिला पिक (निवडीची पाळी) वाया घालवला, कॉर्नरबॅक, म्हणजे रिसीव्हरला रोखणारा, घ्यायला हवा होता. तुम्हाला पायाने खेळायचा फुटबॉल कळतो, हा अजून नीट कळत नाही. म्हणून तुम्ही विचारताय, सीझनच्या पहिल्या चार-पाच सामन्यांत काय बघू, म्हणजे हा पोरगा चालणार की नाही ते समजेल?

मी मिलवॉकीच्या बाजूला राहतो. दिवसा सॉफ्टवेअर, आणि ऑगस्ट ते ऑक्टोबर संध्याकाळी एका हायस्कूलच्या टीममध्ये रिसीव्हर पोरांचा मदतनीस कोच. यंदा बारावं वर्ष. एनएफएलचं, म्हणजे या खेळाच्या मोठ्या लीगचं, आतलं मला काही ठाऊक नाही, तसा दावाही नाही. पण सोळा वर्षांची पोरं पळताना जिथे चुकतात तिथेच एकवीस वर्षांची पोरंही चुकतात, फक्त जास्त वेगात. त्या अनुभवावर बोलतोय.

तुमच्या ऑफिसातल्या भांडणात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत गुंतलेत. पोरगा चांगला आहे का, हा एक. टीमला या वर्षी त्याची गरज होती का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर त्याच्या पायांत आहे, दुसऱ्याचं करारांच्या तारखांत. दुसरा लवकर मिटतो, म्हणून तो आधी घेतो.

२४ एप्रिल २०२५ च्या रात्री मी लॅम्बो फील्ड या पॅकर्सच्या स्टेडियमबाहेरच्या गर्दीत उभा होतो. ड्राफ्ट ग्रीन बेला पहिल्यांदाच आला होता. लाखभर वस्तीचं गाव आणि तीन दिवसांत मिळून हजेरी सहा लाखांच्या घरात. २३ वा पिक सांगायला टीमचे तेव्हाचे अध्यक्ष मार्क मर्फी स्वतः मंचावर आले, गोल्डनचं नाव घेतलं आणि जो काही गलका झाला! माझ्या शेजारी चीजच्या तुकड्यासारखं टोपरं घातलेला साठीतला एक गृहस्थ ‘रिसीव्हर, रिसीव्हर’ असं स्वतःशीच पुटपुटत होता. त्याचं कारण असं, की याआधी पॅकर्सनी पहिल्या फेरीत रिसीव्हर घेतला तो २००२ साली, जावोन वॉकर.

मधल्या काळात रिसीव्हरांचा दुष्काळ होता असं मात्र नाही. ग्रेग जेनिंग्ज २००६, जॉर्डी नेल्सन २००८, रँडल कॉब २०११, दावान्टे अ‍ॅडम्स २०१४, हे सगळे दुसऱ्या फेरीतले. डोनाल्ड ड्रायव्हर तर १९९९ ला सातव्या फेरीत मिळाला, २१३ वा. दुसऱ्या फेरीत असा माल मिळत असेल तर पहिल्या फेरीचे पैसे कशाला मोजा, हा त्यांचा हिशोब होता आणि तो बरीच वर्षं बरोबर ठरला. पण २०२० साली अख्खं विस्कॉन्सिन तेव्हाच्या क्वार्टरबॅकसाठी, म्हणजे चेंडू टाकणाऱ्या अ‍ॅरन रॉजर्ससाठी रिसीव्हर मागत असताना टीमने दुसऱ्या टीमशी पिकांची अदलाबदल करून २६ वा पिक मिळवला आणि त्यावर घेतला क्वार्टरबॅक, जॉर्डन लव्ह. आज तोच लव्ह आपला क्वार्टरबॅक आहे, तरी ती सल काही लोकांच्या मनातून गेलेली नाही. गोल्डनवर आत्ता जे प्रेम उतू जातंय त्यातला बराचसा भाग या जुन्या थकबाकीचा आहे, त्या पोराच्या खात्यातला नाही.

आता करार. ड्राफ्टमधून आलेल्या खेळाडूचा करार चार वर्षांचा असतो, आणि पहिल्या फेरीतल्याचा टीमला हवा असेल तर पाचव्या वर्षापर्यंत लांबवता येतो. टीमचे रिसीव्हर ख्रिश्चन वॉटसन आणि रोमिओ डब्स दोघेही २०२२ च्या ड्राफ्टचे, म्हणजे गोल्डनला घेतलं तेव्हा दोघांचे करार २०२५ च्या सीझननंतर संपणार होते. त्यात वॉटसनच्या गुडघ्यातलं एसीएल नावाचं अस्थिबंधन जानेवारी २०२५ मध्ये शिकागोविरुद्ध फाटलं. तो कधी परत येईल आणि आल्यावर तसाच पळेल का, हे तेव्हा डॉक्टरलाही छातीठोक सांगता येत नव्हतं. आणखी दोन रिसीव्हर, जेडन रीड आणि डॉन्टेव्हियन विक्स, २०२३ चे, त्यांचे करार त्यापुढच्या वर्षी सुटणार होते. हे सगळं एका कागदावर मांडलं की कळतं, हा पिक निम्मा २०२५ साठी आहे आणि निम्मा २०२६ साठी.

कॉर्नरवाल्यांचं म्हणणं वेडेपणाचं नाही. कॉर्नर घेतला तो थेट सातव्या फेरीत, आणि एखाद्या रविवारी तिथून भगदाड पडलं तर ते तुम्हाला ‘बघ, सांगत होतो’ म्हणायला मोकळे आहेत. मला विचाराल तर मी रिसीव्हरच घेतला असता. पण मी रिसीव्हरवाला, माझा तराजू त्याच बाजूला झुकणार, हे धरून चाला.

आता पोराकडे वळू.

गोल्डनने ४० यार्ड ४.२९ सेकंदांत काढले, ड्राफ्टआधीच्या २०२५ च्या चाचणीत रिसीव्हरांमध्ये सगळ्यात जलद. हा आकडा तुमच्या ऑफिसात रोज निघत असेल. पण ही शर्यत सरळ रेषेतली. हेल्मेट नाही, पॅड नाहीत, समोर कुणी ढकलायला नाही. २०१७ साली जॉन रॉसने हेच अंतर ४.२२ मध्ये काढलं होतं. सिनसिनाटीने त्याला नववा घेतला आणि पहिल्या वर्षी त्याने पकडलेल्या चेंडूंची संख्या शून्य. तेव्हा वेग हे भांडवल आहे. त्याचा धंदा करता येतो का, ते वेगळं बघावं लागतं.

ते कुठे दिसतं? वळणावर. इथे जरा सविस्तर सांगतो, कारण टीव्हीवर हेच सगळ्यात कमी दिसतं.

आमच्या टीममध्ये एक पोरगा होता, शाळेच्या १०० मीटरमध्ये कायम पहिला. पहिल्या सीझनला त्याला धड पाच चेंडूही मिळाले नाहीत. आईवडील नाराज, पोरगा चिडलेला, क्वार्टरबॅक म्हणायचा ‘तो मोकळाच नसतो, टाकू कुठे?’ एवढा वेग असून मोकळा का नसतो, हे मलाही कळेना. एका संध्याकाळी मी एंड झोनमागे, म्हणजे मैदानाच्या टोकाला, शिडीवर फोन लावून पाठीमागून व्हिडिओ काढला. घरी जाऊन बघितलं तर वळायच्या दोन पावलं आधी हा गडी छाती वर काढायचा आणि हात चालवायचे थांबायचा. पुढच्या ट्रकचे ब्रेकचे लाल दिवे लागल्यासारखं. समोरचा कॉर्नर सोळा वर्षांचा असला म्हणून काय झालं, एवढं त्यालाही दिसतं. तो आधीच वळून उभा असायचा.

मग तीन आठवडे एकच काम. दहा यार्डांवर गवतात चुन्याची फक्की टाकली, त्याच्या दोन्ही मुठींत टेनिसचे बॉल दिले आणि सांगितलं, फक्कीपर्यंत हात थांबता कामा नयेत. थांबला की शिट्टी, पुन्हा पहिल्यापासून. वळताना कंबर खाली, नाक बुटांच्या टोकांवर, तीन छोटी पावलं आणि बाहेर. पहिल्या आठवड्यात तो दोनदा घसरून पडला. तिसऱ्या आठवड्यात कॉर्नर घसरायला लागला. वेग तोच होता, फक्त आता समोरच्याला तो कधी थांबणार ते कळत नव्हतं.

म्हणून गोल्डनकडे बघताना चेंडू विसरा. वळण्याआधी त्याचे खांदे उठतात का ते बघा. सरळ वर जायचं असो की बारा यार्डांवर थांबून मागे फिरायचं असो, पहिली आठ-दहा पावलं हुबेहूब सारखी दिसतात का ते बघा. सारखी दिसली तर समोरच्या कॉर्नरला प्रत्येक वेळी आपल्या डोक्यावरून जाईल या भीतीने मागे सरकावं लागतं, आणि तिथे ४.२९ चे पैसे वसूल होतात.

यात तुमचं कोल्हापूर कामाला येईल. शाहू स्टेडियमवर तुम्ही सामने बघितले असणार. पायात चेंडू नसताना दोन बचाववाल्यांना स्वतःबरोबर कोपऱ्यात ओढून नेणारा खेळाडू तुम्ही तिथे ओळखला असेल. मधली जागा मोकळी होते, गोल दुसराच मारतो आणि पेठेत मिरवणूक दुसऱ्याचीच निघते. इथेही तसंच. वॉटसनने २०२४ मध्ये फक्त २९ चेंडू पकडले, पण त्यांतून टीम ६२० यार्ड पुढे सरकली, म्हणजे एका पकडीला २१ च्या वर. असा माणूस बाजूने सुटला की मागचा सेफ्टी, म्हणजे शेवटचा बचाववाला, जागचा हलतो, आणि मधल्या पट्ट्यात रीडला किंवा टाइट एंडला (आत उभ्या राहणाऱ्या धिप्पाड पकडणाऱ्याला) दार उघडं मिळतं. वॉटसन नसताना हे काम कोण करणार, हा गेल्या वर्षअखेरचा खरा प्रश्न होता. सप्टेंबरमध्ये गोल्डन चार वेळा खोल पळाला, चेंडू एकदाही आला नाही आणि तरी रीडचे ९० यार्ड झाले, तर त्या दिवशी गोल्डनने पगार कमावला असं समजा.

दुसरी बघायची गोष्ट म्हणजे तो उभा कुठे राहतो. नियमाप्रमाणे हल्ल्याच्या बाजूचे किमान सात जण खेळ जिथून सुरू होतो त्या रेषेवर हवेत. त्यातला बाहेरचा रिसीव्हर, ज्याला सगळे ‘एक्स’ म्हणतात, रेषेवर अडकलेला असतो. कॉर्नर त्याच्या छातीला छाती लावून उभा राहू शकतो आणि सुरुवातीलाच धक्का देऊ शकतो. ‘झेड’ एक पाऊल मागे असतो, त्याला सरकायला मोकळीक असते. गोल्डनची उंची ५ फूट ११ इंच, वजन १९१ पौंड, म्हणजे धिप्पाड नाही. सुरुवातीला त्याला मागे किंवा आत उभा केला, खेळ सुरू व्हायच्या आधी बाजूने पळवत आणला, तर ‘विश्वास नाही’ असा अर्थ काढू नका. नव्या पोराला धक्क्यापासून वाचवायची ती साधी युक्ती आहे, आणि कोच मॅट लाफ्लूरच्या खेळात ही हालचाल अशीही भरपूर असते. उलट पाचव्या-सहाव्या सामन्यात तो रेषेवर, छातीला छाती लावलेल्या कॉर्नरसमोर उभा दिसला आणि पहिल्या तीन पावलांत त्याचे हात झटकून निघाला, तर ती खरी बातमी.

आता चेंडू सुटण्याबद्दल, कारण पॅकर्सच्या गावात सगळ्यात आधी यावरून माणसं पेटतात. गेल्या वर्षी सुटलेल्या चेंडूंनी लोकांचा जीव नकोसा केला होता. पण सगळे ड्रॉप एका जातीचे नसतात. चेंडू छातीच्या वर आला तर अंगठ्याला अंगठा, कमरेखाली आला तर करंगळीला करंगळी, हे आम्ही पहिल्या दिवशी शिकवतो. सरावात मी पाठ करून उभा असलो तरी आवाजावरून सांगतो: बोटांत घेतलेला चेंडू ‘थप्’ वाजतो, छातीवर घेतलेला ‘धप्’. छातीवर घेण्याची खोड असेल तर ती मुळातली, जायला वेळ लागतो. हात बरोबर असून पुढच्या धावेकडे डोळे आधी वळल्याने चेंडू सुटत असेल, तर ते घाईचं दुखणं आहे. ते बहुतेकांचं बरं होतं.

वॉटसनचंच बघा. सप्टेंबर २०२२, मिनेसोटात सीझनचा पहिला सामना, पॅकर्सचा पहिलाच डाव. रॉजर्सने लांब चेंडू टाकला, वॉटसनच्या पुढे कुणी नाही, आणि चेंडू हातांतून निसटला. त्या रात्री माझ्या फोनवर जे मेसेज आले ते इथे लिहिण्यासारखे नाहीत. नोव्हेंबरात त्याच वॉटसनने डॅलसविरुद्ध एका दुपारी तीन टचडाउन केले, म्हणजे चेंडू तीनदा शेवटच्या रेषेपार नेला.

आणि अ‍ॅडम्स, ज्याचं नाव तुमच्या ऑफिसात जपमाळेसारखं चाललंय. पहिल्या वर्षी त्याचे ४४६ यार्ड. दुसऱ्या वर्षी, २०१५ ला, ५० पकडी, ४८३ यार्ड आणि टचडाउन फक्त एक. त्या हिवाळ्यात याच गावातले लोक त्याला काढून टाका म्हणत होते, आणि त्यातले काही आता गोल्डनला ‘पुढचा अ‍ॅडम्स’ म्हणताहेत. २०१६ ला तोच अ‍ॅडम्स ९९७ यार्ड आणि १२ टचडाउनवर गेला. जॉर्डी नेल्सनला चौथं वर्ष उजाडावं लागलं, २०११ ला १२६३ यार्ड. वॉकरचं मोठं वर्ष तिसरं, २००४. तेव्हा ‘पुढचा अ‍ॅडम्स’ हे शब्द खरे ठरले, तर पहिली दोन वर्षं तुम्हाला बरीच चिडचिड करावी लागेल, एवढंच त्या मित्राला सांगा.

आकड्यांवर जाऊ नका, असं मी म्हणतो त्याला आणखी एक कारण आहे. ही टीम चेंडू वाटून खाते. २०२४ मध्ये सगळ्यात जास्त यार्ड रीडचे, ८५७. हजाराला कुणी शिवलं नाही. दुसरीकडे जॉश जेकब्स चेंडू घेऊन पळत १३२९ यार्ड गेला. अशा घरात नव्या माणसाचं ताट आधी लहानच असणार. गोल्डनचे डिसेंबरपर्यंत ४०० यार्ड झाले आणि दुसऱ्या एखाद्या टीमच्या रुकीचे, म्हणजे पहिल्या वर्षाच्या खेळाडूचे, ९००, तर त्यावरून काहीच ठरत नाही. त्या टीमकडे चेंडू टाकायला दुसरं कुणी नसेल.

हे सगळं परिस्थितीवर किती अवलंबून आहे, तेही सांगून टाकतो. लव्हची तब्येत, पुढच्या फळीने त्याला किती सेकंद उभं राहू दिलं, वॉटसन कधी परततो. खोल जाणाऱ्या रिसीव्हरला तीन सेकंद लागतात. क्वार्टरबॅक अडीचमध्ये आडवा झाला तर गोल्डन मोकळा होता की नव्हता याला अर्थ उरत नाही. शिवाय त्याचं कॉलेजचं मोठं वर्ष एकच. दोन वर्षं ह्यूस्टन, मग टेक्ससला गेला आणि तिथे ५८ पकडी, ९८७ यार्ड, ९ टचडाउन. एकाच वर्षाच्या पुराव्यावर माणूस घेण्यात जोखीम असते, हे मला मान्य करावंच लागेल.

पण त्या एका वर्षातला एक प्रसंग बघाच. १ जानेवारी २०२५, पीच बोल हा कॉलेजचा बाद सामना, समोर अ‍ॅरिझोना स्टेट. जादा वेळ, टेक्सस सात गुणांनी मागे, चौथा डाउन, म्हणजे शेवटची संधी, आणि १३ यार्ड हवेत. चुकलं की वर्ष संपलं. टेक्ससच्या क्वार्टरबॅकने, क्विन यूअर्सने, चेंडू टाकला आणि गोल्डनने २८ यार्डांवर टचडाउन केला. पुढे टेक्सस जिंकलं. व्हिडिओ सहज सापडेल. पहिल्यांदा चेंडूकडे बघून घ्या, मग परत लावा आणि फक्त गोल्डनचे पाय बघा.

तर चार-पाच सामन्यांत निकाल? नाही लागणार. ऑक्टोबरपर्यंत त्याला कुठे उभं करतात ते कळेल, थँक्सगिव्हिंगच्या (नोव्हेंबरअखेरच्या सणाच्या) आसपास त्याचं वळण कितपत बसलंय ते कळेल, आणि चालणार की नाही हे कळायला २०२६ उजाडेल. अडचण एवढीच, की टीव्हीचा कॅमेरा चेंडूमागे फिरतो आणि रिसीव्हर दुसऱ्या सेकंदाला चौकटीबाहेर जातो. लीगच्या स्वतःच्या वर्गणीत सामन्यानंतर वरून घेतलेलं, बावीसही खेळाडू दिसणारं चित्रण मिळतं. एक महिना घेऊन बघा. पैसे वाया गेले तर शिव्या मला घाला.

पण तुम्ही तर ग्रीन बेलाच राहता, तुम्हाला त्याची आधी गरजही नाही. जुलैच्या शेवटी कॅम्प सुरू होईल. सकाळी लॅम्बोच्या दारात गावातली पोरं सायकली घेऊन उभी असतात, खेळाडू त्या सायकलींवर गुडघे दुमडून बसतात आणि सरावाला जातात, मागून पोरगं त्यांचं हेल्मेट छातीशी धरून पळत असतं. रे निट्श्की फील्डवरचा सराव फुकट बघता येतो. त्यात एक वेळ अशी येते की एक रिसीव्हर, एक कॉर्नर आणि एक क्वार्टरबॅक, बाकी कुणी नाही. लोक बाजूच्या रांगांत बसायला धडपडतात, तुम्ही तिकडे जाऊ नका. जिथून रिसीव्हरची पाठ दिसते तिथे कुंपणाला टेकून उभे राहा आणि गोल्डनची पाच-सहा वळणं बघा. ऑफिसातल्या दोन्ही तटांचा एकेक माणूस सोबत न्या. मीही एका शनिवारी येईन म्हणतो.